सिद्धकंठांचा रियाज

ज्या गवयाने पंचवीस-तीस वर्षे मैफली जिंकल्या, त्याने रोज पहाटे तंबोरा जुळवून खर्ज का भरावा? रियाज सुटला की गळा गंजतो, असे याचे उत्तर सामान्यतः दिले जाते. ते खोटे नाही. पण अपुरे आहे, असे आम्हांस वाटते. एवढेच कारण असते, तर रियाज म्हणजे हत्यार घासूनपुसून ठेवण्याचा उद्योग ठरला असता.

मैफल आणि रियाज यांचे धर्म भिन्न आहेत. मैफलीत गवई आपले हुकमी तेच देतो. जी तान काल दाद घेऊन गेली, ती आज न बोलावता गळ्यावर येते. समेवर येण्याची एक वाट पसंतीस उतरली, की दुसऱ्या वाटा बुजू लागतात. सरकारी टिपणीतील ठराविक वाक्ये हातात बसली म्हणजे विचारावाचून लेखणी कशी चालते, हे आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. नवशिक्याचे दोष गुरू दाखवितो. प्रौढ गवयासमोर मात्र श्रोते आदराने गप्प राहतात आणि शिष्य भीतीने. अशा वेळी जुळलेला तंबोरा एवढाच टीकाकार त्याच्यापाशी उरतो. खर्जाच्या तारेतून उमटणाऱ्या स्वयंभू गंधाराशी आपला गंधार मिळतो की नाही, हे सावकाश स्वर लावल्यावाचून कळत नाही, आणि इतका सावकाशपणा मैफलीस नेहमी परवडत नाही. म्हणून सिद्ध गवयाचा रियाज ही त्याने स्वतःच्या गाण्याची केलेली समीक्षा होय, असे आम्ही मानतो.

याची साक्ष आपल्या संगीताच्या इतिहासात आहे. अल्लादियाखाँसाहेब तयार गवई असताना आमलेटा संस्थानात त्यांना दिवसेंदिवस गावे लागले आणि त्यांचा आवाज बसला. तो पूर्ववत परत आला नाही. जुन्या गाण्याची नक्कल करीत न बसता, उरलेल्या आवाजाला काय साधेल याचा त्यांनी नव्याने शोध घेतला. त्यातून आकारयुक्त, वक्र आणि लयीशी घट्ट बांधलेली जी गायकी घडली, तीच पुढे जयपूर-अत्रौली घराण्याची म्हणून मान्यता पावली.

केसरबाई केरकरांची गोष्ट याच घराण्यातील. अब्दुल करीमखाँ, वझेबुवा, भास्करबुवा बखले अशा थोरांकडे शिकून झाल्यावर, तिशीच्या उंबरठ्यावर, १९२१ साली त्या खाँसाहेबांच्या शिष्या झाल्या. ही तालीम १९४६ साली खाँसाहेबांचे निधन होईपर्यंत चालली. या पंचवीस वर्षांतच बाईंची कीर्ती शिखरास पोहोचली, हे विशेष. कीर्तीने तालमीची गरज संपविली नाही. पुढे १९६०च्या दशकात त्यांनी मैफली आपण होऊन थांबविल्या. स्वतःचे गाणे कठोरपणे ऐकण्याची सवय असल्यावाचून असा निर्णय घेता येत नाही.

रियाज केवळ गळ्याचा नसतो, हे कुमार गंधर्वांच्या उदाहरणाने स्पष्ट होते. बालपणीच नावारूपास आलेला हा गायक क्षयाच्या आजारात १९४८ साली देवासला आला आणि सुमारे पाच वर्षे त्याचे गाणे बंद राहिले. कंठास बंदी होती, कानांस नव्हती. माळव्याची लोकगीते त्यांनी त्या काळात ऐकली, त्यांतील स्वरसंगतींचा विचार केला. त्यांचे धुनउगम राग याच चिंतनाचे फळ. परतलेला गायक पूर्वीचा राहिला नव्हता.

या साऱ्यात श्रोत्याचाही एक वाटा आहे. परप्रांतातील मराठी मंडळांच्या उत्सवांत वर्षाकाठी एक-दोन गवई येतात आणि प्रत्येकाकडे ठरलेल्या नाट्यपदांची, अभंगांची फर्माईश होते. फर्माईशीत गैर काही नाही. पण ती नेहमी गवयाच्या कालच्या यशाकडे बोट दाखविते. एखाद्या अप्रचलित रागाच्या आलापीत गवई चाचपडताना दिसला, तर घड्याळाकडे न पाहता रसिकांनी त्यास थोडा अवकाश द्यावा. पहाटेच्या एकांतात त्याने जे शोधले असेल, ते कानी पडण्याचा योग अशाच वेळी येतो.