‘किण्वन’ या संज्ञेविषयी

बुरशीकडून कोलेस्टेरॉल उतरविणारी द्रव्ये मिळविण्याच्या क्रियेस आपले लेखक सरसकट ‘किण्वन’ म्हणतात. पाश्चरच्या मते किण्वन म्हणजे हवेवाचूनचे जीवन. लोव्हास्टॅटिन देणाऱ्या अ‍ॅस्परजिलस टेरियसला तर प्राणवायू सतत पुरवावा लागतो. संज्ञेवर विसंबून विद्यार्थ्याने हवा तोडली, की उत्पादन बुडालेच. द्रव्य मुख्यतः वाढ मंदावल्यावर साठते. म्हणून नत्र बेताचे ठेवून सावकाश पचणारी दुग्धशर्करा देतात. ‘आंबवणे’ हा शब्द तर थेट इडलीच्या पिठाकडे नेतो! नावांचा घोळ निराळाच : एन्डो यांनी १९७९ मध्ये मोनॅस्कस बुरशीतून मिळविलेले ‘मोनॅकोलिन के’ आणि ‘मेव्हिनोलिन’ ही दोन्ही लोव्हास्टॅटिनचीच नावे होत. प्रस्तुत क्रियेस ‘सवायु संवर्धन’ म्हणावे, असे आम्हांस वाटते.