परतीची वाट मोकळी असताना
‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली मूळ इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी आक्षेप मांडला आहे की, चार आर्यसत्ये माणसाला आशा नाकारतात. तिसरे सत्य दुःखनिरोधाचे असल्याने हा आक्षेप आम्हांस सर्वस्वी मान्य नाही. तथापि निराशेचे समर्थ उत्तर ग्रंथातील कथेतच आहे. रोहिणीच्या पाण्यावरून पेटलेल्या शाक्य-कोलियांच्या वादातून सिद्धार्थ गृहत्याग करतात. पुढे समेटाची वार्ता येते. परतीची वाट मोकळी होते. परंतु वर्गावर्गांतील संघर्ष अखंड आहे, हे जाणून ते शोध पुढे चालवितात. जगाकडे पाहून हताश झालेल्या उपासकांनी हे प्रकरण पुन्हा वाचावे. दुःखाची व्याप्ती कळणे हाच कार्यारंभ होय.