एका विद्यार्थ्याचा ग्रंथसंग्रह

ग्रंथाचे परीक्षण करण्याचा प्रघात आपल्याकडे आहे. ग्रंथसंग्रहाचे परीक्षण मात्र सहसा कोणी करीत नाही. वस्तुतः संग्रह हीही एक रचनाच होय. काय घेतले, काय वगळले आणि कशाशेजारी काय ठेवले, यांवरून संग्राहकाची दृष्टी कळून येते. विज्ञानाच्या तत्त्वज्ञानाचा अभ्यास करणाऱ्या एका तरुणाचा असा संग्रह नुकताच आमच्या पाहण्यात आला. पुस्तके पन्नासाच्या आत. पण एकही शोभेसाठी आणलेले नाही. पुढे अध्यापक होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याचा हा संग्रह असल्यामुळे त्याचे गुणदोष सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मांडणी कालानुक्रमे आहे. प्रारंभी कार्नॅप व हेंपेल, नंतर पॉपर, त्यापुढे कून आणि शेवटी फायराबेंड. प्रत्येकाने मागच्याचा पाडाव केला, असा या क्रमाचा अर्थ विद्यार्थ्याने आम्हांस सांगितला. राजवंशावळी लावावी तशी ही विचारांची वंशावळ झाली! पाठ्यपुस्तकांतूनही ती अशीच शिकविली जाते. आमच्या मते ही सोय आहे, सत्य नव्हे.

पॉपरने तार्किक प्रत्यक्षार्थवाद्यांवर कठोर टीका केली, हे खरे. परंतु ज्या ग्रंथात त्याने खंडनीयतेची कसोटी मांडली, तो १९३४ साली श्लिक व फ्रांक या व्हिएन्ना मंडळातील विद्वानांच्याच ग्रंथमालेत निघाला. कूनच्या १९६२ च्या ग्रंथाने त्या मंडळाचे युग संपविले असे म्हणतात. तथापि तो प्रथम प्रसिद्ध झाला तो नॉयराथने आरंभिलेल्या एकीकृत विज्ञानाच्या विश्वकोशात, आणि संपादकांपैकी एक असलेल्या कार्नॅपने त्याचे स्वागतच केले. ज्यांना आपण वैरी समजतो ते एकमेकांचे यजमान होते. पूर्वपक्ष जितका समर्थपणे मांडावा तितका सिद्धान्त उजळतो, ही आपल्या शास्त्रकारांची जुनी समजूत येथे निराळ्या देशात प्रत्ययास येते.

याच दृष्टीने संग्रहातील एक उणीव आम्हांस खटकली. फायराबेंडचा ‘पद्धतीविरुद्ध’ हा १९७५ चा ग्रंथ तेथे आहे, लाकाटोश मात्र नाही. मूळ संकल्प असा होता की, फायराबेंडने पद्धतीविरुद्ध लिहावे, लाकाटोशने तिच्या बाजूने उत्तर द्यावे आणि दोन्ही मिळून एक ग्रंथ व्हावा. १९७४ साली लाकाटोश निवर्तला व ते उत्तर लिहावयाचे राहून गेले. म्हणजे विद्यार्थ्यापाशी आहे तो अर्धा संवाद. लाकाटोशची व्याख्याने व उभयतांचा पत्रव्यवहार १९९९ साली एकत्र प्रसिद्ध झाला आहे. त्याला या फळीवर स्थान मिळावयास हवे.

याहून मोठी उणीव अशी की, विज्ञानाविषयीच्या या संग्रहात विज्ञानाचा एकही मूळ ग्रंथ नाही. पृथ्वी फिरत असती तर मनोऱ्यावरून सोडलेला दगड पायथ्याशी पडता ना, हा प्राचीन आक्षेप. मनोऱ्याची गती दगडालाही असतेच, हे गॅलिलिओचे उत्तर. हे उत्तर गळी उतरविण्यासाठी गॅलिलिओने युक्ती व प्रचार यांचा आश्रय घेतला, असे फायराबेंड म्हणतो. ते मान्य करावे की नाही? त्यासाठी गॅलिलिओचा १६३२ चा संवादग्रंथ, निदान त्यातील दुसऱ्या दिवसाची चर्चा, स्वतः वाचावयास हवी. एरवी साक्षीदारास न ऐकता केवळ वकिलाच्या भाषणावर निर्णय दिल्यासारखे होईल.

असे असूनही या संग्रहाविषयी आमचे मत प्रतिकूल नाही. जवळजवळ प्रत्येक पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने लिहिलेली मराठी टिपणे आहेत. एका शब्दाला तीन तीन पर्याय योजून दोन खोडलेले आहेत. कूनच्या पुस्तकात ‘प्रतिमान’ या शब्दापुढे प्रश्नचिन्ह आहे. ते आम्हांस विशेष आवडले. गॅलिलिओनेही आपला संवाद विद्वानांच्या लॅटिनमध्ये न लिहिता इटालियनमध्ये लिहिला होता. तो ग्रंथ या विद्यार्थ्याने आणावा, आणि त्याच्याही समासात अशीच मराठी टिपणे लिहावीत, एवढीच आमची सूचना आहे.