सजगता कोणाच्या हितासाठी?

अमेरिकेतील मायामी विद्यापीठाच्या अमिशी झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थी-खेळाडूंच्या सजगता-प्रशिक्षणावर २०१७ साली प्रसिद्ध केलेला शोधनिबंध पालीच्या अभ्यासकांनीही वाचावा असा आहे. हंगामापूर्वीच्या खडतर तयारीच्या काळात, चार आठवडे, महाविद्यालयीन अमेरिकन फुटबॉलच्या १०० खेळाडूंपैकी काहींना सजगतेचे, तर काहींना केवळ शिथिलीकरणाचे शिक्षण देण्यात आले. दोन्ही गटांत नियमाने सराव करणाऱ्यांच्या भावनिक स्वास्थ्याला लाभ झाला. अवधान टिकविण्यास मात्र सजगतेचाच सराव उपयोगी पडला. निष्कर्ष संयत आहेत, आणि सरावावाचून फळ नाही हे त्यांतून स्पष्ट होते.

ध्यानाचा असा ऐहिक उपयोग म्हणजे धम्माची विटंबना, असा आक्षेप घेतला जातो. तो आम्हांस मान्य नाही. संयुत्तनिकायातील दोणपाकसुत्तात, अतिभोजनाने धापा टाकत आलेल्या पसेनदी राजाला भगवंतांनी आहारात सति राखण्याचा उपदेश केला. राजा सडपातळ झाला आणि त्याने कृतज्ञता व्यक्त केली. ऐहिक लाभ तथागतांनी त्याज्य मानला नाही. परंतु तेथे सति ज्याची, हितही त्याचेच होते.

आमचा आक्षेप नेमका येथे आहे. निबंध अवधान मोजतो. ते कोणाच्या कामी येते, हे विचारीत नाही. त्या काळी या खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करण्याचीही मुभा नव्हती. ती २०२१ मध्ये मिळाली. विद्यापीठांकडून थेट मोबदल्याचा मार्ग २०२५ मध्ये न्यायालयीन तडजोडीने खुला झाला. हे कायद्यांनी आणि न्यायालयीन लढ्यांनी घडले, श्वासाच्या निरीक्षणाने नव्हे.

मिलिंदपञ्हात नागसेन सति या चित्तधर्माचे लक्षण सांगताना कुशल-अकुशल आणि हित-अहित यांचा विवेक त्यात अंतर्भूत करतात. म्हणजे सति हे केवळ निर्विकार पाहणे नव्हे. शरीराकडे सजगतेने पाहणाऱ्या खेळाडूला गुडघ्यातील वेदना कळली, तर ‘आज मी खेळणार नाही’ असे म्हणण्याचे स्वातंत्र्य त्याला आहे काय? नसेल, तर ते प्रशिक्षण वेदना सोसण्याचे कौशल्य ठरेल, सम्मासति ठरणार नाही. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात दुःखाचा विचार माणसामाणसांतील व्यवहाराशी जोडला आहे. त्या दृष्टीने पाहता हा प्रश्न गौण नाही.

आपल्या विहारांतून मुलामुलींना आनापान शिकविणाऱ्यांनीही हीच कसोटी स्वतःस लावावी. मूल शांत बसू लागले एवढ्याने भागत नाही. आपले हित आणि आपल्यावरील अन्याय त्याला ओळखता येऊ लागला काय, हे पाहावयास हवे.