एक चूल, एक देव्हारा आणि आपले म्हातारे

इरावती कर्वे यांनी १९५३ च्या 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' या ग्रंथात एकत्र कुटुंबाच्या खुणा सांगितल्या, आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी त्या पाठ केल्या. एक छप्पर, एका चुलीवरचे अन्न, सामाईक मालमत्ता, सामाईक पूजा आणि ठरावीक नाते. बाईंच्या व्यासंगाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु या खुणा हातात घेऊन महारवाड्यात शिरले तर काय हाती लागते? छप्पर होते. चूल होती, ती रोज पेटेलच असे नव्हते. मालमत्ता म्हणून वतन दाखवता येईल. पण ते वतन म्हणजे गावाची राबणूक होती आणि तेही १९५८ च्या कायद्याने गेले. पूजेचे म्हणाल तर १९५६ नंतर आपल्या माणसांनी देव पाण्यात सोडले. म्हणजे व्याख्येप्रमाणे आपल्याला कुटुंब जवळजवळ नव्हतेच!

आय. पी. देसाई यांनी १९६४ मध्ये गुजरातमधील महुवा गावावरचा अभ्यास प्रसिद्ध करून छपरापेक्षा नात्यातील हक्क आणि कर्तव्ये महत्त्वाची मानली. ही मोठीच सुधारणा होती. याच देसाईंनी १९७६ मध्ये ग्रामीण गुजरातमधील अस्पृश्यतेवर ग्रंथ लिहिला. एकाच अभ्यासकाचे हे दोन विषय. पण आपल्या समाजशास्त्रात ते एकमेकांना फारसे भेटले नाहीत. कुटुंब हा एक विषय राहिला आणि अस्पृश्यता हा दुसरा. त्या मानाने ए. एम. शहा अधिक सावध. भावांनी बायकामुलांसह एकत्रच राहावे हा आग्रह संस्कृतीकरण झालेल्या जातींत अधिक असतो, हे त्यांनी १९७३ मध्ये मांडले. म्हणजे ज्याला 'भारतीय कुटुंब' म्हणून गौरविले गेले, त्याला जात होती.

आता शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' (१९८४) समोर ठेवा. आजी संतामाय आणि तिच्याबरोबर राहणारा दादा, महमूद दस्तगीर जमादार. हा माणूस एस. टी. स्टँडवर हमाली करतो. स्टँड हेच घर. धर्म एक नाही, लग्नाचे नाते नाही, पूजा नाही, मालमत्तेचा तर प्रश्नच नाही. तरीही पोर वाढले ते या दोन म्हाताऱ्यांच्या उबेत. समीक्षकांनी या पुस्तकातील जन्माच्या कलंकाची चर्चा पुष्कळ केली. ती योग्यच आहे. पण येथे एक कुटुंब उभे आहे, आणि ते कुठल्याही व्याख्येत बसत नाही, याकडे मात्र त्यांचे लक्ष गेले नाही.

हा केवळ व्याख्येचा वाद असता तर तो विद्यापीठांवर सोडून दिला असता. तसे नाही. २००७ च्या माता-पिता व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्यात आई-बाप म्हणजे जन्मदाते, दत्तक किंवा सावत्र. अपत्यहीन वृद्धाने कोणाकडे मागायचे? त्याची मालमत्ता ज्याच्याकडे आहे किंवा पुढे जाईल, त्या वारसाकडे. म्हणजे मागण्यासाठी आधी काहीतरी मागे ठेवायला हवे. ज्याच्यापाशी डोईवरचे मुंडासे तेवढे, त्या दादासारख्याने कोणत्या अधिकाऱ्यापुढे उभे राहावे? त्याने वाढवलेल्या पोरावरही कायद्याने त्याचा हक्क पोहोचत नाही. दारिद्र्यरेषेखालील साठीपासून एकोणऐंशीपर्यंतच्या वृद्धाला केंद्र सरकारकडून मिळणारा पेन्शनचा वाटा २००७ पासून महिना २०० रुपयेच राहिला आहे. राज्ये त्यात आपली भर घालतात, ती निराळी.

संशोधन थांबलेले नाही. २०१७-१८ मध्ये पंचेचाळीस वर्षांपुढील बहात्तर हजारांवर लोकांची देशव्यापी पाहणी झाली. तीत जात नोंदली गेली, वृद्ध कोणाबरोबर राहतो हेही नोंदले गेले. हे स्वागतार्ह आहे. पण म्हातारपणीची असुरक्षितता म्हटली की अभ्यासकाच्या डोळ्यांपुढे येतो तो बंद सदनिकेतला एकटा निवृत्त गृहस्थ, आणि त्याला छळणारा मुलगा किंवा लुटणारा नोकर. कायद्याचे कलम २२ ही जीविताच्या जोडीला मालमत्तेच्या रक्षणाचीच भाषा बोलते. आपल्या म्हाताऱ्याचे भय घराबाहेरून येते. एप्रिल २०१० मध्ये हरियाणातील मिर्चपूर येथे दलित वस्ती पेटवली गेली, तेव्हा अपंग सुमन आणि तिचे वृद्ध वडील ताराचंद जळून मेले. पळणे ज्यांना शक्य होते ते पळाले. गुन्ह्यांच्या सरकारी वार्षिक अहवालात २०१४ पासून वृद्धांवरील गुन्ह्यांचे प्रकरण स्वतंत्र असते, अनुसूचित जातींवरील अत्याचारांचे त्याहून वेगळे. ताराचंद यांच्यासारख्याला कोणत्या पानावर शोधायचे?

आपल्या विद्यापीठांतून आता आपली मुले पीएच. डी. करीत आहेत. त्यांनी प्रश्नावलीतील 'कुटुंबप्रमुखाशी नाते' हा रकाना तसाच उचलू नये. वस्तीत जाऊन विचारावे : रात्री खोकल्याची उबळ आली तर पाणी कोण देते? आणि गावात दंगा झाला तर तुम्हाला उचलून कोण नेईल?