एक स्थळ, दोन ऋतु

एखादें स्थळ आपण पाहिलें, असें आपण केव्हां म्हणावें? प्रश्न साधा दिसतो. पण छायाचित्रकलेच्या चाहत्यांनीं तो स्वतःस एकदां तरी विचारावा असा आहे. माथेरानास मे महिन्यांत जाऊन आलेला गृहस्थ आणि ऐन श्रावणांत जाऊन आलेला गृहस्थ एकमेकांस भेटले, तर आपण एकाच डोंगराविषयीं बोलत आहों, अशी त्यांची त्यांनाच खात्री पटावयाची नाहीं. एकाच्या स्मरणांत तांबडी धूळ. दुसऱ्याच्या स्मरणांत हाताच्या अंतरावरचें झाड गिळून टाकणारें धुकें. दोघांचेंही म्हणणें खरें, आणि दोघांचेंही अर्धें.

हा विचार मनांत येण्यास कारण घडलें तें असें. आमचा एक जुना विद्यार्थी हल्लीं एका कचेरींत नोकरीस आहे आणि रविवारीं कॅमेरा घेऊन डोंगर हिंडतो. गेल्या दिवाळीच्या सुटींत त्यानें आपल्या बारा छायाचित्रांच्या सहा जोड्या आमच्यापुढें मांडल्या. प्रत्येक जोडींत स्थळ एकच. एक चित्र वैशाखांतलें, दुसरें श्रावणांतलें. सर्व चित्रें ठाणें जिल्ह्यांतल्या शहापूरच्या बाजूचीं, माहुलीच्या किल्ल्याच्या आसपास घेतलेलीं. एका लहानशा प्रदर्शनासाठीं पांच जोड्या ठेवाव्या आणि सहावी गाळावी असा त्याचा बेत होता. त्यास आमची संमति तेवढी हवी होती. ती आम्हांस देतां आली नाहीं. कां देतां आली नाहीं, हें सांगतांना जो विचार करावा लागला, तो त्या एकट्याच्याच उपयोगाचा नाहीं, असें वाटून येथें मांडीत आहों.

अशा जोड्या आतां दुर्मिळ राहिलेल्या नाहींत. दर पावसाळ्यांत त्या प्रत्येकाच्या हातांतल्या मोबाइलवर येऊन पडतात. डावीकडे उघडाबोडका पिवळा उतार. उजवीकडे तोच उतार हिरवागार, आणि त्यावरून उतरणारी दुधासारखी धार. पाहणारा 'वाहवा' म्हणतो आणि बोटानें चित्र पुढें ढकलतो. ही 'वाहवा' कोणाच्या वांट्याची? आमच्या मतें ती पावसाच्या वांट्याची. छायाचित्रकारानें दोन वेळां हजेरी लावली, एवढेंच त्याचें श्रेय. साहित्यशास्त्राच्या भाषेंत बोलावयाचें तर विरोध हा एक अलंकार आहे. तो साधला म्हणजे काव्य साधलें, असें कोणी जाणता मनुष्य समजत नाहीं. छायाचित्रांच्या बाबतींत मात्र विरोधावरच रसिक तृप्त होऊं लागले आहेत.

आमच्या विद्यार्थ्याच्या पांचही जोड्या देखण्या होत्या, हें प्रथमच सांगतों. त्यांतल्या एकींत माहुलीचे सुळके आहेत. वैशाखांत ते पांढुरक्या आकाशावर कात्रीनें कापल्यासारखे उभे. श्रावणांत ढगांतून एकाचा माथा तेवढा वर आलेला. आम्हीं विचारलें, "दोन्ही एकाच जागेवरून घेतलीं काय?" तो म्हणाला, "नाहीं सर, पावसाळ्यांत शेताच्या बाजूनें ढग चांगले दिसत होते." येथेंच सगळें बिघडतें. उभें राहण्याची जागा बदलली, भिंग बदललें, दिवसाचा प्रहर बदलला, म्हणजे दोन चित्रांतला कोणता फरक ऋतूनें केला आणि कोणता चित्रकारानें, हें कळण्यास मार्ग राहत नाहीं. शिवाय यंत्रालाही एक खोड आहे. आपोआप प्रकाश मोजणारा कॅमेरा समोरचें दृश्य सरासरीनें करड्या छटेचें आहे असें धरून चालतो. त्यामुळें पांढरें शुभ्र धुकें त्याच्या हातीं मळकट होतें. तें पांढरें राहावें म्हणून मनुष्याला स्वतः प्रकाश थोडा वाढवून द्यावा लागतो. तेव्हां जें जसें होतें तें तसें उतरवावयाचें, तर त्यासाठीं बुद्धीचा आणि संयमाचा पुष्कळ खर्च आहे. यंत्रावर सोपवून सत्य पदरांत पडत नाहीं.

मग चांगली जोडी कशी असते? याचें एक उदाहरण छायाचित्रकलेच्या जन्माआधींचें आहे. जपानी चित्रकार होकुसाई यानें १८३० च्या सुमारास फुजी पर्वताच्या दृश्यांची जी प्रसिद्ध मालिका काढली, तिचें नांव छत्तीस दृश्यांचें असलें तरी तींत एकंदर ४६ ठसे आहेत. त्यांत दोन ठसे असे आहेत कीं पर्वताची आकृति दोहोंत फार मिळतीजुळती आहे. एकांत स्वच्छ सकाळ, वाऱ्यावर पसरलेल्या ढगांच्या ओळी, आणि उन्हानें तांबूस झालेला पर्वत. दुसऱ्यांत शिखर तसेंच शांत, निरभ्र. पण पायथ्याशीं काळोख दाटलेला आणि त्यांत नागमोडी वीज चमकते आहे. दोन्ही चित्रें शेजारीं ठेवून पाहावीं. आरंभीं डोळा वीज पाहतो, तांबडा रंग पाहतो. पण थोड्या वेळानें तो दोहोंत न बदललेल्या त्या उतारावर येऊन स्थिर होतो. हवेचें नाटक ज्याच्या अंगावर चाललें आहे, तो पर्वत प्रथमच दिसल्यासारखा वाटतो. जोडीचें सार्थक यांत आहे. भेद दाखवून ती अभेदाकडे नेते.

यावर कोणी म्हणेल, होकुसाई चित्रकार होता. पर्वत कसा ठेवावा हें त्याच्या कुंचल्याच्या स्वाधीन होतें. छायाचित्रकारास ही मोकळीक कोठें? आक्षेप रास्त आहे. म्हणून छायाचित्रकाराचेंच उदाहरण घेऊं. प्राग शहरांतला योसेफ सुदेक हा पहिल्या महायुद्धांत उजवा हात गमावून बसला होता. जड कॅमेरा एका हातानें सांभाळून त्यानें जन्मभर छायाचित्रें काढलीं. १९४० सालीं, शहर जर्मनांच्या ताब्यांत असतांना, त्यानें आपल्या चित्रशाळेच्या खिडकीचीं छायाचित्रें घेण्यास आरंभ केला, आणि १९५४ पर्यंत तो तीं घेत राहिला. विषय काय? एक खिडकी, तिच्यापलीकडचें लहानसें आवार, त्यांतलें एक वांकडें झाड. कधीं कांचेवर दंव, कधीं पावसाचे ओघळ, कधीं हिमाची नक्षी. कांच अंधुक झाली कीं झाड भुतासारखें मागें सरतें. निवळली कीं पुन्हां पुढें येतें. चित्रें पाहतां पाहतां आपणांस त्या झाडाची ओळख होते, आणि ती एखाद्या शेजाऱ्याच्या ओळखीसारखी असते. त्याला आपण आनंदांत पाहिलेलें असतें, आजारांत पाहिलेलें असतें. दोन चित्रांनीं विरोध कळतो. स्वभाव कळण्यास सहवास लागतो. सुदेकनें चौदा वर्षें दिलीं. आपले लोक दोन रविवार देतात आणि स्थळ जिंकल्याच्या ऐटींत परत येतात.

परंतु हवा पालटते ती केवळ डोळ्यांसाठीं नव्हे, ही गोष्ट आपल्या आदिकवीनें जितकी ओळखली तितकी क्वचित् कोणी ओळखली असेल. किष्किंधाकांडांत प्रस्रवण पर्वतावर राहिलेला राम प्रथम वर्षाऋतु वर्णितो, आणि पुढें त्याच पर्वतावरून शरद् वर्णितो. स्थळ तेंच, पाहणारा तोच. पण पावसाचे चार महिने म्हणजे सीतेच्या शोधांत नाइलाजानें पडलेला खंड. वाटा बंद, सैन्य हलूं शकत नाहीं. शरद् येतो तेव्हां आकाश निवळतें, नद्या उतरतात, वाटा मोकळ्या होतात, आणि सुग्रीव आपलें वचन विसरून बसला आहे हेंही त्या स्वच्छ उजेडांतच लख्ख दिसूं लागतें. ऋतु बदलला म्हणजे मनुष्याला काय करतां येतें आणि काय सोसावें लागतें, हें बदलतें. वाल्मीकीच्या दोन वर्णनांना जो भार आहे तो या जाणिवेचा आहे.

आतां त्या गाळलेल्या सहाव्या जोडीकडे वळूं. तींत एका पाड्यावरची विहीर आहे. श्रावणांतल्या चित्रांत ती कांठोकांठ भरलेली. कठड्याच्या दगडांवर शेवाळ, मागें भातशेती, त्याहून मागें धुक्यांत अर्धा बुडालेला डोंगर. वैशाखांतल्या चित्रांत तीच विहीर कोरडी. तळाशीं ओलसर चिखल. कठड्याभोंवतीं हंडे, कळशा आणि प्लॅस्टिकचे डबे यांची रांग. आणि टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या बायका. विद्यार्थी म्हणाला, "सर, हें दुसरें सुंदर नाहीं. बाकीच्यांत बसत नाहीं."

बसत नाहीं हें खरें. आणि म्हणूनच ती जोडी सर्वांत मोलाची आहे, असें आमचें मत आहे. या टापूंत चार महिने मुसळधार पाऊस पडतो. मुंबईची तहान ज्या जलाशयांवर भागते, त्यांपैकीं १८९२ त पुरा झालेला तानसा, १९५७ त झालेला मोडकसागर आणि नंतरचा भातसा हे याच बाजूचे. आणि याच तालुक्यांतल्या कित्येक पाड्यांस उन्हाळ्यांत टँकरनें पाणी पोंचवावें लागतें. उतार तीव्र, काळा पाषाण कठीण. पडलेलें पाणी मुरण्यापूर्वींच वाहून जातें. श्रावणांत ज्या धारेचें चित्र पाहून आपण 'वाहवा' म्हणतों, ती धार म्हणजे त्या पाड्याच्या हातून निसटून चाललेलें वैशाखाचें पाणी होय. हें ज्ञान पहिल्या पांच जोड्यांत नाहीं. सहावींत तें न बोलतां आहे. आणि आम्हांस हेंही कबूल केलें पाहिजे कीं, ही जोडी पाहत असतांना आमच्या मुंबईच्या घरीं चहाचें आधण ठेवलेलें होतें, तें पाणी त्याच डोंगरांकडून आलेलें होतें. तो चहा आम्हांस त्या दिवशीं नेहमीसारखा लागला नाहीं.

येथें आमचे कांहीं मित्र अडवतील. 'कलेला गाऱ्हाण्याच्या अर्जाचें काम देऊं नका. पाण्याची टंचाई हा वर्तमानपत्राचा विषय आहे,' असें ते म्हणतील. कलेवर उपयुक्ततेचें ओझें लादावें असें आम्हांसही वाटत नाहीं. आमचा मुद्दा त्याहून साधा आहे. जो चित्रकार 'हें स्थळ दोन ऋतूंत पाहा' असें म्हणून आपणांस बोलावतो, त्यानें स्थळ पुरतें पाहिलेलें असावें, एवढीच अपेक्षा. हिरव्या उताराशेजारीं पिवळा उतार ठेवून, त्या पिवळेपणांत माणसें कशीं राहतात याकडे ज्यानें पाहिलेंच नाहीं, त्याचें पाहणें अपुरें. आणि अपुरें पाहणें हा नीतीचा दोष असो वा नसो, कलेचा दोष निश्चित आहे. करुण रस हाही रसच आहे. तो शृंगाराच्या पंक्तीस बसत नाहीं म्हणून त्याला कोणी पानावरून उठवीत नाहीं.

तथापि या जोडींतही एक वैगुण्य होतें, आणि तें लपविणें विद्यार्थ्याच्या हिताचें झालें नसतें. श्रावणांतलें चित्र त्यानें बांधावर उभें राहून, पुष्कळ अंतरावरून घेतलें होतें. वैशाखांत तो विहिरीच्या अगदीं कठड्याशीं गेला. त्यामुळें हंडे मोठे दिसतात, चेहरे मोठे दिसतात, आणि मागचा डोंगर नाहींसाच होतो. हेतु चांगला होता. पाहणाऱ्याचें हृदय द्रवावें. पण येथें पुन्हां सुळक्यांचाच दोष घडला, फक्त उलट दिशेनें. तेथें जागा बदलली सौंदर्यासाठीं, येथें कारुण्यासाठीं.

या संबंधांत अमेरिकेंतला एक उपक्रम आठवतो. मार्क क्लेट व त्याचे सहकारी यांनीं १९७७ ते १९७९ या काळांत, त्या देशाच्या पश्चिम भागांत शंभर वर्षांपूर्वीं घेतलेल्या छायाचित्रांचीं स्थळें शोधून काढलीं, आणि शक्य तेथवर त्याच बिंदूवरून, त्याच ऋतूंत, त्याच प्रहरीं पुन्हां छायाचित्रें घेतलीं. आमच्या जोड्यांत ऋतु बदलावयाचा असतो. त्यांच्या जोड्यांत ऋतु राखून काळ बदलला होता. शिस्त मात्र दोन्हीकडे एकच. त्या शिस्तीमुळें एक गंमत उघडकीस आली. तिमथी ओसलिव्हन या नामांकित छायाचित्रकारानें १८६९ त घेतलेल्या युटामधील खडकांच्या एका चित्रांत कॅमेरा चक्क कलता धरला होता, त्यामुळें दृश्य होतें त्याहून अधिक नाट्यमय दिसत होतें. शंभरांवर वर्षें तें कोणाच्या ध्यानांत आलें नव्हतें. दुसरा मनुष्य त्याच जागीं जाऊन सरळ उभा राहिला, तेव्हां तें कळलें. दुसरें चित्र हें पहिल्या चित्राचा साक्षीदार असतें, तें असें. आणि साक्षीदारानें आपली जागा सोडली कीं साक्ष दुबळी होते.

विहिरीच्या जोडीस हेंच लागू आहे. बांधावरून घेतलेल्या वैशाखाच्या चित्रांत बायका लहान दिसतील, हंडे ठिपक्यांएवढे दिसतील. पण त्यांच्यामागें तो अख्खा डोंगर असेल, श्रावणांत ज्याच्यावरून पाणी कोसळत होतें तोच. करुणा उत्पन्न करण्यास तेवढें पुरें आहे. किंबहुना तिला जवळ जाऊन हांक मारावी लागत नाहीं. ती अंतरावरूनच अधिक ऐकूं येते.

हें सर्व आम्हीं त्यास सांगितलें. तो थोडा हिरमुसला. मग म्हणाला, "म्हणजे सर, पुढच्या वैशाखापर्यंत थांबावें लागेल." आम्ही म्हटलें, थांबावें. त्यानें प्रदर्शन पुढें ढकललें आहे, आणि बांधावर जेथें तो उभा होता तेथें ओळखीसाठीं एक दगड ठेवून आला आहे, असें त्यानें परवां कळविलें.