तुंबाडात भात कोण लावतं?

‘तुंबाड’ मला आवडला नाही, असं चारचौघांत म्हणायची आता सोय राहिलेली नाही. १२ ऑक्टोबर २०१८ रोजी तो प्रदर्शित झाला तेव्हा बेताचाच चालला. व्हेनिस महोत्सवातला समीक्षक सप्ताह त्याच्याने सुरू झाला होता, हे कौतुक मात्र त्याच्या पदरी होतं. पुढे छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि ध्वनी यांसाठी तीन फिल्मफेअर मिळाली, तो घरोघरच्या मोबाइलवर पोहोचला, आणि १३ सप्टेंबर २०२४ला पुन्हा चित्रपटगृहात आला तो पहिल्या खेपेपेक्षा जास्त गल्ला जमवून गेला. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करणाऱ्या तरुणांनाही हस्तर ठाऊक असतो. ‘आपल्याकडचा पिक्चर’ म्हणून तो त्यांना जवळचा वाटतो. माझी तक्रार या ‘आपल्याकडचा’पाशी सुरू होते.

आधी जे नाकारता येत नाही ते सांगून टाकतो. राही अनिल बर्वे आणि छायाचित्रकार पंकज कुमार यांनी पाऊस जसा टिपलाय तसा हिंदी पडद्यावर क्वचितच दिसला असेल. साखळदंडाने बांधलेली ती म्हातारी विसरता येत नाही. आणि पुढे विनायकचा मुलगा होणाऱ्या मोहम्मद समदनेच ती केली आहे, हे कळल्यावर तर अधिकच नवल वाटतं. कणकेच्या बाहुल्या, गर्भागार, कंबरेला सोन्याच्या मोहरा बांधलेला हस्तर ही कल्पनाही एकसंध आहे. कारागिरीबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते गावाबद्दल.

तुंबाड हे खरं गाव आहे. पोलादपूरहून कशेडी घाट उतरला की खेड तालुका लागतो. त्या तालुक्यात, जगबुडीच्या काठी ते आहे. मराठी वाचकाला ते श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’मुळे माहीत झालं. १९८७ साली दोन खंडांत आलेली ती कादंबरी एका खोत घराण्याच्या पिढ्यांची आहे. चित्रपटाने तिच्याकडून नाव तेवढं घेतलं. कथेचं बीज दुसरीकडचं आहे: नारायण धारपांची एक भयकथा बर्वे यांनी पोरवयात मित्राच्या तोंडून ऐकली होती. धारपांची ती ‘आजी’ही स्टीफन किंगच्या आजीची नात. यात उणं काही नाही. भुतं फिरतीवरच असतात, आणि धारपांनी परदेशी भुतांना मराठी घरांत इतकं नीट नांदवलं की ती परकी वाटेनाशी झाली. पण नाव एकाकडून आणि भूत दुसऱ्याकडून घेतलं, तर मधला ‘खोत’ हा शब्द गेला कुठे?

गोष्ट थोडक्यात अशी. पूर्तीची देवी म्हणजे अमाप सोनं आणि अमाप धान्य. तिच्या थोरल्या मुलाने, हस्तरने, सोनं बळकावलं. धान्याला हात घालणार तोच देवांनी त्याला फोडून काढलं. आईने त्याला पोटात लपवून वाचवलं, पण त्याची पूजा कधी व्हायची नाही या अटीवर. तुंबाडच्या लोकांनी त्याचं देऊळ बांधलं आणि देवांचा कोप पाऊस होऊन गावावर कोसळत राहिला. १९१८मध्ये विनायकची आई वाड्यातल्या सरकारची सेवा करते आहे. १९३३मध्ये विनायक पुण्याहून परत येतो आणि हस्तरकडून मोहरा ओरबाडू लागतो. १९४७मध्ये सोबत मुलगा असतो.

सोनं आणि धान्य. हस्तर धान्याचा भुकेला, म्हणूनच कणकेला भुलतो. इतकी नेमकी कल्पना हाती असताना या गावात धान्य पिकवणारा एकही माणूस नाही! सतत पाऊस पडणाऱ्या कोकणातल्या गावात मला भाताचं एकही खाचर दिसलं नाही. इरलं पांघरून लावणी करणारी बाई नाही, बांध घालणारा गडी नाही, वाड्यावर मक्त्याचं भात टाकायला आलेलं कूळ नाही. वाडा आहे, माळरान आहे, पाऊस आहे. मग वाड्यातलं वैभव आलं कुठून? चित्रपटाचं उत्तर आहे, देवीच्या गर्भातून. जुन्या रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांत विचारलं असतं तर दुसरं उत्तर मिळालं असतं. खोत हा सरकार आणि कूळ यांच्या मधला वंशपरंपरागत वसूलदार. सरकारचा सारा भरून उरेल ते त्याचं, आणि उरवायचं कसं हे त्याला नेमकं कळत असे. पिकाचा वाटा धान्यातच घ्यायचा, वर वेठ. धान्यासाठी हपापलेला आणि कोठारावर बसलेला प्राणी पाहायला आमच्या आजोबांच्या पिढीला विहिरीत उतरावं लागलं नसतं.

चित्रपटाने निवडलेली सालं पाहा. १९१८चा पावसाळा हा देशाच्या नोंदीतल्या सर्वांत वाईट पावसाळ्यांपैकी एक. पीक बुडालं, आणि पाठोपाठ आलेल्या इन्फ्लुएन्झाने मुंबई इलाख्यात घरंच्या घरं रिकामी केली. शापामुळे एका गावात त्या साली पाऊस थांबत नाही, हे दंतकथेत चालेल. उलट केवढी भयंकर शक्यता होती ती: चौफेर दुष्काळ आणि एकट्या तुंबाडात धो धो पाऊस! पण त्या पावसाकडे कुणी आशेनेही बघत नाही आणि भीतीनेही नाही.

भीतीचं तर महाडकरांना सांगायलाच नको. २५-२६ जुलै २००५ला जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते इथे डोंगर खाली आले. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल दोन एसट्यांसह गेला. २२ जुलै २०२१ला तळियेत ८०हून जास्त माणसं दरडीखाली गाडली गेली, आणि त्याच दिवसांत महाड, खेड, चिपळूण पाण्यात होतं. इथे पावसाची भीती म्हणजे रात्री पाण्याचा बदललेला आवाज, घरामागच्या उतारावर पडलेली भेग, गढूळ झालेला झरा. तुंबाडच्या काठी ज्या नदीचं नावच जगबुडी आहे, ती चित्रपटात एकदाही चढत नाही. पावसाचं काम फक्त सुंदर दिसणं.

यावर ठरलेलं उत्तर येतं, की ही नीतिकथा आहे, सुरुवातीलाच गांधीजींच्या नावाने हावेबद्दलचं वचन दिसतं, तिच्यात कुळकायदा कशाला शोधता? ठीक, नीतिकथाच धरू. मग तिची नीती तपासू. इथे हावेची किंमत हाव करणाराच मोजतो. विनायक मोजतो, सावकार राघव मोजतो. हिशेब आपसांतला, चोख. प्रत्यक्षात हावेची किंमत बहुधा दुसऱ्याकडून वसूल होते. गुप्तधनासाठी बळी देण्याची प्रकरणं महाराष्ट्राला नवी नाहीत, आणि त्यात बळी जाणारं मूल खोदणाऱ्याचं क्वचितच असतं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३मध्ये जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याच्या अनुसूचीत धनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांची नोंद आहे ती यामुळेच.

एक अपवाद चित्रपटात आहे आणि तो पहिल्याच भागात आहे. विनायकची आई वर्षानुवर्षं म्हाताऱ्या सरकारची सेवा करते, कशी ते आपल्याला दाखवलं जातं, आणि तिची सगळी आशा एका सोन्याच्या नाण्यावर असते. त्या पहिल्या काही मिनिटांत वाडा भयंकर वाटतो, कारण तिथे कुणीतरी दुसऱ्यासाठी राबतंय. पुढे गर्भागारात जे काय दिसतं ते थरारक आहे; पण भीती वाटते ती या बाईच्या झुकलेल्या पाठीकडे बघून. सरकार मेला, आई मुलाला घेऊन पुण्याला गेली, आणि चित्रपटातलं काम करणारं माणूसच गेलं.

भयपटाकडून ही अपेक्षा जादा नाही, हे दाखवायला कोरियाचं उदाहरण पुरेसं आहे. ना होंग-जिनचा ‘गोकसंग’ २०१६ साली कान महोत्सवात दाखवला गेला. जगभर त्याला ‘द वेलिंग’ म्हणून ओळखतात. गोकसंग हा तिथला खरा भाग, आणि त्याच उच्चाराचा दुसरा अर्थ विलाप. तिथेही पाऊस, तिथेही डोंगर. पण गावाला धंदे आहेत, पोलीस चौकी आहे, भगताला बोलावणारी सासू आहे, जपानी राजवटीची आठवण आहे आणि म्हणून डोंगरात राहणाऱ्या परक्या जपानी म्हाताऱ्यावर संशय आहे. माणसं आजारी पडून घरच्यांचे खून करू लागतात, तेव्हा सरकारी निदान होतं, विषारी अळंबी. पावसाळ्यात अळंबी ओळखून खाणाऱ्या आणि रासायनिक कारखान्यांच्या वाऱ्याखाली राहणाऱ्या आमच्या भागातल्या प्रेक्षकाला या एका तपशिलात किती काय दिसेल! अहवाल एक सांगतो, नाक दुसरं सांगतं, आणि मधल्या जागेत अफवा वाढते.

तरी ‘गोकसंग’ही मला पचलेला नाही, आणि त्याचं कारण उलटं आहे. अडीच तास अफवेचा खेळ इतका प्रामाणिकपणे मांडून शेवटी गुहेत तो परका माणूस खरोखरच सैतान असल्याचं दिसतं. म्हणजे जमाव बरोबरच होता. ‘तुंबाड’ आला त्याच वर्षी, १ जुलै २०१८ला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. तेही परगावचेच होते. हे माहीत असताना त्या गुहेतल्या लाल डोळ्यांना दाद देणं मला जमत नाही. कलेचा तो विजय असेल. माझ्या मनातून मात्र चित्रपट तिथे उतरतो. पण ‘गोकसंग’शी भांडता तरी येतं, कारण त्याने गाव उभं केलंय. ‘तुंबाड’मध्ये भांडायला गावात कुणी नाहीच.

शेवटाची पुष्कळ तारीफ होते. १९४७, स्वातंत्र्य आलेलं, वाडा आता सरकारजमा होणार, म्हणून बाप-लेक शेवटचा मोठा हात मारायला उतरतात. विनायक शापित होऊन मोहरा पुढे करतो आणि पांडुरंग त्या नाकारतो. एका पोराचा नकार. प्रसंग चांगला आहे.

विनायक तुंबाडला परतला ते साल १९३३. त्याच साली ऑक्टोबरात, अलिबाग तालुक्यातल्या चरीला, नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली कुळांनी खोतांची जमीन कसायला नकार दिला. पुढच्या पावसाळ्यात खाचरं पडून राहिली, त्याच्या पुढच्याही. स्वतःच्या पोटाचं भात बुडत असताना माणसं मिळेल ती मजुरी करत सहा वर्षं नाही म्हणत राहिली. मधल्या काळात, १७ सप्टेंबर १९३७ला, बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. दहा वर्षांपूर्वी याच महाडच्या चवदार तळ्यावर ते पाणी प्यायला आले होते. जानेवारी १९३८मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मोर्च्याने मुंबईत विधिमंडळावर गेले. खोती कायद्याने गेली १९४९मध्ये, पांडुरंगाच्या नकारानंतर दोन वर्षांनी. तोवर चरीची ती खाचरं पुन्हा भाताखाली आली होती.